अपक्व पेशींचा पाक आणि 'प्रतिकारशक्तिवर्धक' औषधे

'प्रतिकारशक्तिवर्धक' हा शब्द आपल्या व्यवसायात इतका रूढ झाला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. च्यवनप्राशापासून गुळवेलीच्या घनवटीपर्यंत आणि तुळशीच्या अर्कापासून बालकांच्या सुवर्णप्राशनापर्यंत तो सर्वत्र छापलेला आढळतो. २०२० मधील कोविडच्या साथीनंतर तर औषधालयाच्या दर्शनी कपाटात याच एका शब्दाखाली मांडलेल्या बाटल्या व डब्या अधिक दिसू लागल्या. अलीकडे त्याच्या जोडीला पेशीविज्ञानातील नावेही येऊ लागली आहेत. 'डेंड्रायटिक पेशींना चालना देणारे', 'अस्थिमज्जेतील पेशींना बळ देणारे' अशा आशयाची वाक्ये माहितीपत्रकांत आमच्या वाचनात येतात आणि रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णांचे नातेवाईक हीच वाक्ये घेऊन वैद्याकडे येतात. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते उत्तर देण्यासाठी मूळ संशोधन काय सांगते हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

आमचे मत आरंभीच स्पष्टपणे नोंदवतो. रक्तातील अपक्व पेशींपासून डेंड्रायटिक पेशी घडवण्याचे जे संशोधन गेली तीन दशके चालू आहे, ते लक्षपूर्वक वाचले असता 'प्रतिकारशक्ती वाढवणे' ही ढोबळ कल्पना त्यापुढे टिकत नाही. प्रतिकारशक्ती ही हंड्यातल्या पाण्याप्रमाणे केवळ कमी-जास्त होणारी वस्तू नव्हे. तिला अवस्था आहेत, दिशा आहे आणि काळ आहे. अवस्थेचा विचार हा तर आपल्या शास्त्राचा प्राण. तो सोडून आपण 'वर्धक' या शब्दाला चिकटून बसलो आहोत, ही खेदाची गोष्ट आहे.

डेंड्रायटिक पेशी म्हणजे काय?

१८६८ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या पॉल लांगरहान्स याने त्वचेत फांद्या फुटलेल्या आकाराच्या काही पेशी पाहिल्या. त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात असा त्याचा समज झाला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, १९७३ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेमध्ये तशाच फांद्यांच्या आकाराची एक पेशी आढळली. झाडाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून स्टाइनमन यांनी तिला 'डेंड्रायटिक' हे नाव दिले. लांगरहान्सने पाहिलेल्या पेशीही याच कुळातील होत, हे नंतर स्पष्ट झाले.

या पेशी संख्येने अत्यल्प असतात. रक्तातील शंभर श्वेतपेशींत त्यांचा वाटा एकाहूनही कमी. परंतु त्यांचे कार्य मोठे आहे. त्वचा, श्वसनमार्ग, अन्नमार्ग अशा बाहेरच्या जगाशी संबंध येणाऱ्या ठिकाणी त्या पहाऱ्यावर असतात. तेथे आलेले जंतू अथवा मृत पेशींचे अंश त्या गिळतात, त्यांचे तुकडे करतात आणि लसिकाग्रंथीत जाऊन ते तुकडे टी-पेशींना दाखवतात. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला सोडून द्यायचे, हे टी-पेशी प्रामुख्याने त्यांच्याकडूनच शिकतात. म्हणून या पेशींना प्रतिकारयंत्रणेच्या शिक्षिका म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अपक्वापासून पक्वापर्यंतच्या तीन पायऱ्या

पेशी इतक्या थोड्या असल्याने त्यांचा अभ्यासही दुष्कर होता आणि उपचारात उपयोग तर दूरच. ही अडचण १९९२ ते १९९४ या काळात दूर झाली. १९९२ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी नाळेच्या रक्तातील मूळपेशींवर जीएम-सीएसएफ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दोन प्रथिनांची योजना करून त्यांपासून डेंड्रायटिक पेशी घडवल्या. त्याच वर्षी स्टाइनमन यांच्या गटाने उंदराच्या अस्थिमज्जेपासून त्या मोठ्या संख्येने वाढवून दाखवल्या. १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे फेदेरिका सालुस्तो व अंतोनियो लांझावेक्किया यांनी प्रौढ माणसाच्या साध्या रक्तातील पेशींना जीएम-सीएसएफ आणि इंटरल्यूकिन-४ यांच्या संयोगात ठेवून तेच साधले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत प्रामुख्याने याच पद्धतीच्या आवृत्त्या वापरल्या जातात.

या पद्धतीतील क्रम आपण ध्यानात घेतला पाहिजे. पहिली पायरी संख्यावाढीची व पोषणाची. जीएम-सीएसएफ हे त्यातील मुख्य द्रव्य. दुसरी पायरी दिशा देण्याची. केवळ जीएम-सीएसएफ दिले तर रक्तातील मोनोसाइट पेशी बहुधा भक्षक पेशींच्या मार्गाने जातात. इंटरल्यूकिन-४ ची जोड मिळाली की त्या डेंड्रायटिक पेशींच्या मार्गाला लागतात. येथवर पाच-सात दिवस जातात आणि तरीही तयार झालेली पेशी अपक्वच असते. ती गिळण्यात तरबेज असते, शिकवण्यात नव्हे. तिसरी पायरी पक्वतेची. जंतूच्या आवरणातील एखादा अंश किंवा दाहजनक प्रथिनांचा संकेत मिळाला की पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने प्रकट होतात आणि मगच ती टी-पेशींना लढण्यास सिद्ध करू शकते.

तिसरी पायरी गाळली तर काय होते? पेशी निष्क्रिय राहील इतकेच, असे आपल्याला वाटेल. वस्तुस्थिती अधिक गंभीर आहे. २००१ मध्ये माधव धोडपकर, स्टाइनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन निरोगी स्वयंसेवकांना इन्फ्लूएन्झा विषाणूचा अंश धारण करणाऱ्या अपक्व डेंड्रायटिक पेशी टोचल्या. त्या विषाणूविरुद्ध टी-पेशींचे जे मारक कार्य आधीपासून होते ते वाढण्याऐवजी काही काळ दबले गेले. अपक्व पेशीने शरीराला लढण्याऐवजी सहन करण्याचा धडा दिला. संयोग तोच, कुळ तेच. केवळ अवस्थाभेदाने परिणाम उलट झाला.

सुश्रुताचार्यांचा दंडक

हे वाचताना व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व या तीन अवस्था वैद्याला आठवल्यावाचून राहत नाहीत. अपक्व शोथाला शस्त्र लावणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही सुश्रुताचार्यांनी सारखेच दोषी धरले आहे. द्रव्य कितीही उत्तम असले तरी अवस्था न ओळखता योजले तर ते अपाय करते, हा दंडक आपण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून घोकत आलो आहोत. चक्रपाणिदत्तांनीही व्याधिक्षमत्वाचे विवरण करताना उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध करणे आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे असे दोन निरनिराळे अर्थ सांगितले आहेत. एका शब्दात दोन कार्ये कोंबू नयेत, ही जाणीव त्यांना होती.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रक्तवह स्रोतसाचे मूळ यकृत व प्लीहा, असे आपले ग्रंथ सांगतात आणि डेंड्रायटिक पेशी प्रथम प्लीहेतच सापडली. यावरून 'हे सर्व आपल्या पूर्वाचार्यांना ठाऊक होते' असे प्रतिपादन करण्याचा मोह काहींना होतो. आम्ही तो टाळावा असे म्हणतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय या पेशी दिसत नाहीत आणि आचार्यांनी त्या पाहिल्याचा दावा केलेला नाही. त्यांनी दिली ती विचाराची रीत. तीच आपली खरी मिळकत आहे आणि तिला उसन्या दागिन्यांची आवश्यकता नाही.

उपचार कोठवर आला आहे?

पक्व केलेल्या पेशींना कर्करोगाचा प्रतिजन दाखवून त्या रुग्णाला परत टोचाव्यात, ही कल्पना साहजिकच पुढे आली. तिचे सर्वांत ठळक फळ म्हणजे सिप्युल्यूसेल-टी हा उपचार. प्रॉस्टेट ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २९ एप्रिल २०१० रोजी त्यास मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तातील पेशी काढून, प्रॉस्टेटमधील एका प्रथिनाला जीएम-सीएसएफ जोडून केलेल्या संयुगाबरोबर त्या प्रयोगशाळेत ठेवतात आणि रुग्णाला परत देतात. सुमारे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने असे तीन वेळा करतात. ५१२ रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत उपचार घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान २५.८ महिने, तर न घेतलेल्यांचे २१.७ महिने आढळले. म्हणजे लाभ सुमारे चार महिन्यांचा. रोग पुढे सरकण्याचा वेग मात्र दोन्ही गटांत फारसा निराळा नव्हता. आरंभीची किंमत तीन मात्रांना मिळून ९३,००० डॉलर होती.

स्वतः स्टाइनमन यांना २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. अन्य उपचारांबरोबर त्यांनी स्वतःच्या पेशींपासून बनवलेल्या लसीही घेतल्या व ते चार वर्षांहून अधिक काळ जगले. ३० सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले आणि ३ ऑक्टोबरला त्यांच्या नोबेल पुरस्काराची घोषणा झाली. आयुष्याची ती वर्षे लसीमुळे मिळाली की अन्य उपचारांमुळे, हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही. ज्या पेशीचा शोध ज्याने लावला, त्याच्या बाबतीतही जे निश्चितपणे म्हणता येत नाही, ते आपण डबीवर छापतो, याचा विचार व्हावा.

रक्ताचा कर्करोग : जेथे पाकच अडतो

रक्ताच्या तीव्र कर्करोगात अस्थिमज्जेतील पेशी एका अपक्व अवस्थेत अडकतात. त्या परिपक्व होत नाहीत, मरतही नाहीत आणि वाढत मात्र राहतात. त्यांना मारण्याऐवजी पुढे पिकवता आले तर, हा विचार येथूनच निघाला. १९९० च्या दशकापासून अशा रोगट पेशींनाच जीएम-सीएसएफसारख्या द्रव्यांनी डेंड्रायटिक पेशींचे रूप देण्याचे प्रयोग झाले. अशी पेशी स्वतःच रोगाचा प्रतिजन बाळगून असल्यामुळे ती टी-पेशींना रोगाची नेमकी ओळख करून देईल, अशी त्यामागील अपेक्षा. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत रिचर्ड लर्नर यांच्या गटाला असे आढळले की थ्रॉम्बोपोएटिनच्या ग्राहकाला उद्दीपित करणाऱ्या एका प्रतिपिंडामुळे तीव्र रक्तार्बुदाच्या पेशी प्रथम डेंड्रायटिक पेशींसारख्या होतात आणि अधिक काळ संयोग राहिल्यास मारक पेशींचे रूप घेऊन आपल्याच रोगट भावंडांना मारू लागतात. हे निरीक्षण मोठे मनोवेधक आहे. परंतु ते काचपात्रातील आहे, हे विसरू नये.

अपक्व पेशी पिकवून रोग बरा करण्याचे खरे यश मिळाले ते प्रोमायलोसाइटिक या एका उपप्रकारात आणि त्याचा इतिहास आपल्या वाचकांनी मुळातून समजून घ्यावा असा आहे. तेथे रोगट पेशींचा पाक डेंड्रायटिक पेशींकडे होत नाही, नेहमीच्या परिपक्व श्वेतपेशींकडे होतो. परंतु तत्त्व तेच. १९८५ मध्ये शांघाय येथे डॉ. वांग झेनयी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला जीवनसत्त्व 'अ' कुळातील रेटिनॉइक आम्ल पोटातून दिले आणि तिचा रोग हटला. १९८८ मध्ये त्यांनी २४ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील २३ जणांचा रोग केवळ या औषधाने आटोक्यात आला होता.

दुसरी कथा चीनच्या उत्तरेकडील हार्बिनची. १९७० च्या दशकात तेथील डॉ. झांग टिंगडोंग व सहकाऱ्यांच्या हाती एक लोकौषध आले. त्यात सोमल, पाऱ्याचे एक लवण व भेकाचे विष असे तीन घटक होते. आपल्यापैकी अनेकांनी त्या योगाला सुंदर नाव देऊन तो विकावयास काढला असता. हार्बिनच्या वैद्यांनी तसे केले नाही. त्यांनी घटक वेगळे केले आणि एकेकाची परीक्षा केली. पाऱ्याने मूत्रपिंडाला अपाय होतो, भेकाच्या विषाने रक्तदाब वाढतो आणि गुण जो आहे तो सोमलाचा आहे, असे त्यांना दिसून आले. उरलेले दोन घटक त्यांनी टाकून दिले. रक्ताच्या कर्करोगाच्या कोणत्या उपप्रकारात गुण येतो हेही त्यांनी वेगळे काढले. पुढे शांघायच्या संशोधकांनी सोमलाचे कार्य उलगडले : अल्प मात्रेत तो रोगट पेशींना काही अंशी परिपक्व करतो, अधिक मात्रेत त्यांचा मृत्यू घडवतो. २००० मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉ. विक्रम मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ७२ नव्या रुग्णांचा वृत्तान्त दिला. केवळ सोमलाच्या शुद्ध द्रावणाने त्यांपैकी ८६ टक्क्यांचा रोग पूर्णपणे आटोक्यात आला होता. २०१३ मध्ये इटली व जर्मनीतील तुलनात्मक चाचणीत कमी ते मध्यम धोक्याच्या रुग्णांना रेटिनॉइक आम्ल व सोमल एकत्र दिले असता दोन वर्षांअखेर ९७ टक्के रुग्ण निर्वेध राहिले. रसायनोपचाराच्या जुन्या पद्धतीत हेच प्रमाण ८६ टक्के होते.

सोमल अर्थात गौरीपाषाण हा आपल्या रसशास्त्रातील साधारण रसांपैकी एक. तेव्हा या यशाने आपला ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. मात्र त्यातून सोमलयुक्त कल्प रक्ताच्या कर्करोगात देण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. तेथे वापरतात ते मोजून घेतलेले शुद्ध द्रावण शिरेतून देतात, मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम अशी ठरलेली असते, हृदयाचा विद्युतालेख व रक्तातील क्षार वारंवार तपासतात आणि पेशी एकदम परिपक्व होऊ लागल्यावर श्वास कोंडण्यासारखे जे उपद्रव उद्भवतात त्यांवर रुग्णालयात तत्काळ उपाय करतात. हार्बिनकडून सोमल घेण्यापेक्षा घटक वेगळे करून पाहण्याचे व निरुपयोगी ते टाकून देण्याचे धैर्य आपण घ्यावे.

गुळवेलीचे काय?

आता आपल्या घरच्या द्रव्याकडे वळू. गुडूचीवर आधुनिक पद्धतीने झालेले कार्य मुंबईचेच आहे व ते अभिमानास्पद आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य कामलेच्या ३० रुग्णांवर केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुडूची मिळालेल्या गटात जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचे प्रमाण कमी व शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. १९९४ मध्ये याच गटाने दाखवले की गुडूची दिलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात अस्थिमज्जेतील पेशींच्या वसाहती वाढवणारे कार्य वाढते. वर सांगितलेल्या पहिल्या पायरीशी याचा थेट संबंध आहे. पुढे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी गुडूचीतून वेगळ्या केलेल्या एका बहुशर्करेने उंदराच्या डेंड्रायटिक पेशी परिपक्व होतात व अर्बुदपेशींविरुद्ध अधिक कार्यक्षम होतात, असे २०१२ व २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. हा संबंध तिसऱ्या पायरीशी.

मग माहितीपत्रकातील वाक्य खरेच नव्हे काय? आमचे उत्तर असे की, आधार खरा आहे, वाक्य खरे नाही. भाभा केंद्राचा प्रयोग एका वेगळ्या केलेल्या घटकावर व उंदरांच्या पेशींवर होता. चूर्ण अथवा घनवटी पोटातून घेतल्यावर तो घटक माणसाच्या अस्थिमज्जेपर्यंत किंवा लसिकाग्रंथीपर्यंत त्याच रूपात पोहोचतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. उंदराच्या रक्तद्रवात वसाहतवर्धक कार्य वाढले, यावरून रक्तार्बुदाच्या रुग्णात काय होईल हेही ठरत नाही. किंबहुना ज्याच्या अस्थिमज्जेत अपक्व पेशीच बेसुमार वाढत आहेत, त्याला वाढीचा संकेत देणे हितकर की अहितकर, हा प्रश्न प्रथम उपस्थित व्हावयास हवा.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी आणखी एक बाब सांगणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेत डेंड्रायटिक पेशी परिपक्व करण्याचा एक नेहमीचा उपाय म्हणजे जंतूंच्या आवरणातील विषाचा अंश त्यात टाकणे. त्यामुळे नीट न धुतलेल्या, दमट जागी साठवलेल्या, जंतूंनी दूषित झालेल्या चूर्णाचा अर्कही काचपात्रात पेशींना परिपक्व करून दाखवील. असा निकाल हाती आला तर तो वनस्पतीचा गुण की गोदामाचा दोष, हे पाहिल्याशिवाय तो जाहिरातीत वापरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

उद्दीपन सदैव हितकारकच असते असेही नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, सदृश जातीशी गल्लत झाली असावी, असे म्हटले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा वृत्तान्त आला व त्यांतील अनेकांत प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. या वादात पक्ष घेऊन एकमेकांवर चिखलफेक करण्यात आम्हाला स्वारस्य नाही. ज्याच्या शरीरात प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःविरुद्ध उभी आहे त्याला उद्दीपक द्रव्य विचारपूर्वक द्यावे, हे आयुर्वेदाच्या दृष्टीनेही सरळ आहे. प्रकृती, व्याधी, अवस्था, मात्रा व काल न पाहता महिनोन्महिने गुळवेल घ्यावी असे कोणत्या आचार्यांनी सांगितले आहे? साथीच्या काळात ती तशी घेतली गेली आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी तीस आळा घातला.

आक्षेप व त्याचे उत्तर

काही ज्येष्ठ वैद्य यावर म्हणतील की, आपले शास्त्र स्वयंपूर्ण आहे, त्याची प्रमाणे वेगळी आहेत. परक्या मापाने आपले धान्य कशाला मोजावे? या आक्षेपाबद्दल आम्हाला आदर आहे. वैद्याने रसायन म्हणून, ज्वरघ्न म्हणून, वातरक्तात, प्रमेहात गुडूची योजावी. त्यासाठी डेंड्रायटिक पेशीची साक्ष काढण्याची काहीच आवश्यकता नाही. मात्र ज्या क्षणी आपण त्या पेशीचे नाव डबीवर छापतो, त्या क्षणी ते परके माप आपण स्वतः हाती घेतलेले असते. मग त्याच मापाने मोजून घेण्यास नकार देता येत नाही. शब्द त्यांचा आणि पुरावा आपला, असा व्यवहार चालणार नाही. ग्राहक आज भुलेल; परंतु जाणता वैद्यकीय वर्ग आपल्या खऱ्या गुणांकडेही त्यामुळे संशयाने पाहू लागेल आणि तोटा होईल तो के.ई.एम.सारख्या ठिकाणी कष्टाने मिळवलेल्या विश्वासाचा.

आता करावयाचे काय?

व्यवसायबंधूंना आमची पहिली विनंती रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. हिरड्यांतून रक्त, अंगावर विनाकारण उमटणारे काळेनिळे डाग, न हटणारा ज्वर, अल्प काळात वाढलेला पांडुत्व, अशी लक्षणे घेऊन येणारा रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्याकडे येतो. त्याला रक्तपित्त समजून वासा, उशीर, चंदन यांची योजना करण्यापूर्वी त्याच दिवशी रक्तपेशींची संपूर्ण गणना करवून घ्यावी व रक्ताचा काचपट्टीवरील नमुना जाणकाराकडून पाहून घ्यावा. प्रोमायलोसाइटिक प्रकारात रुग्ण काही दिवसांतच रक्तस्रावाने दगावू शकतो आणि वेळेत रुग्णालयात पोहोचला तर रक्ताच्या तीव्र कर्करोगांपैकी सर्वाधिक बरा होणारा प्रकार हाच आहे. आपल्या औषधालयात गेलेला एक आठवडा या दोहोंमधील अंतर ठरवतो. येथे अभिमानाला स्थान नाही.

दुसरी विनंती, उपचार चालू असलेल्या रुग्णासंबंधी. त्याने वैद्याचा सल्ला विचारला तर त्याला हिडीसफिडीस करू नये आणि खोटी आशाही देऊ नये. पथ्य, निद्रा, मुखपाकाची शुश्रूषा, मनोधैर्य यांबाबत आपण पुष्कळ करू शकतो. पोटात द्यावयाचे कोणतेही औषध मात्र त्याच्या रक्तरोगतज्ज्ञाला कळवल्याशिवाय सुरू करू नये. सोमल, हरताळ, मनःशीळ यांचे कल्प तर मुळीच नकोत. विषद्रव्यांच्या ज्या सूचीमुळे अशा औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा छापावा लागतो ती विनाकारण केलेली नाही.

तिसरी विनंती औषधनिर्मात्यांना व विक्रेत्यांना. आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीच्या १९५४ च्या कायद्याने कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस मनाई केली आहे. 'कर्करोग' हा शब्द टाळून 'डेंड्रायटिक पेशी' असा शब्द घातला म्हणजे कायद्याचे अक्षर कदाचित पाळले जाईल, परंतु हेतू तोच राहतो व वाचणारा रुग्ण तो बरोबर ओळखतो. माहितीपत्रकावर प्रयोगाचा उल्लेख करावयाचाच असेल तर तो प्रयोग काचपात्रात झाला, उंदरांवर झाला की माणसांवर झाला, हे त्याच ओळीत व त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे. काउंटरवर बसणाऱ्या सहायकालाही हे समजावून द्यावे. कारण बहुतेक ग्राहक वैद्याआधी त्याच्याशी बोलतात.

शेवटची विनंती आपल्या संघटनेला. सदस्यांनी परस्परसंमतीने एक साधी आचारसंहिता स्वीकारावी आणि 'प्रतिकारशक्तिवर्धक' या एका शब्दाऐवजी औषध कोणासाठी, कोणत्या अवस्थेत, किती काळ व कोणासाठी नाही, हे सांगणाऱ्या चार ओळी छापण्याचा आग्रह धरावा. च्यवनप्राशाचा खप त्याने घटणार नाही. झालाच तर वैद्याकडे विचारून औषध घेणाऱ्यांची संख्या वाढेल आणि ते औषधालय व दवाखाना या दोहोंच्याही हिताचे आहे.

अपक्व पेशी योग्य संकेतांनी, योग्य क्रमाने परिपक्व झाली तर रक्षण करते आणि अर्ध्यावर राहिली तर शरीराला भलताच धडा देते, हे प्रयोगशाळेने दाखवून दिले आहे. हाच न्याय ज्ञानालाही लागू पडतो. अर्धवट वाचलेल्या संशोधनाचा पाक पूर्ण होऊ द्यावा आणि मगच ते रुग्णापुढे ठेवावे, एवढीच आमची व्यवसायबंधूंना कळकळीची विनंती आहे.